जायफळाच्या बेटाची सहल आखताना

वेस्ट इंडिज हे नाव मराठी घरांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या संघाने तेथे मालिका जिंकली आणि सुनील गावसकर यांनी पदार्पणाच्या त्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या. तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन ही नावे आपल्या परिचयाची झाली. मात्र ‘वेस्ट इंडिज’ नावाचा देश जगाच्या नकाशावर कोठेच नाही. क्रिकेटच्या मैदानावर एकत्र येणारी ही बेटे प्रत्यक्षात वेगवेगळी राष्ट्रे आहेत. प्रत्येकाचे सरकार निराळे, व्हिसाचे नियम निराळे आणि पावसापाण्याचे गणितही थोडे निराळे. कॅरिबियनची सहल आखताना सर्वप्रथम हीच गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘वेस्ट इंडिजला जायचे आहे’ एवढ्याने काम भागत नाही. कोणत्या बेटावर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वाटेने, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात.

या बेटांपैकी ग्रेनेडा हे एक लहानसे बेट उदाहरणादाखल घेऊ. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर उत्तरेला असलेल्या या राष्ट्राचे क्षेत्रफळ, कॅरिअकू आणि पेटिट मार्टिनिक ही दोन धाकटी बेटे धरून, अवघे ३४४ चौरस किलोमीटर आहे. मुंबई महानगराच्या विस्ताराहून ते पुष्कळच कमी भरते आणि लोकसंख्या तर सव्वा लाखाच्या आतबाहेर. मुख्य बेटाची लांबी सुमारे ३४ किलोमीटर. भालाफेकीतला नीरज चोप्राचा प्रतिस्पर्धी अँडरसन पीटर्स याच बेटाचा. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत पीटर्सला सुवर्ण आणि नीरजला रौप्यपदक मिळाले होते. नावाचा घोटाळा मात्र टाळावा. स्पेनमधील ग्रानाडा शहर आणि कॅरिबियनमधील ग्रेनेडा यांच्या इंग्रजी नावांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि तिकीट काढताना त्यामुळे फसगत झालेले प्रवासी आहेत.

राष्ट्रध्वजावरचे जायफळ

ग्रेनेडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. श्रीखंडापासून पुरणपोळीपर्यंत ज्याच्याशिवाय आपले पान पुरे होत नाही, ते जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते ग्रेनेडात रुजले आणि पुढे या बेटाची ओळखच बनले. २००४ पूर्वी जगाच्या एकूण जायफळ उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल ग्रेनेडाचा क्रमांक होता आणि सुमारे एकपंचमांश माल या एवढ्याशा बेटावरून जात असे. दालचिनी, लवंग, आले, हळद, तमालपत्राच्या जातीची पाने आणि कोको हीही येथली पिके. म्हणूनच या देशाला ‘मसाल्याचे बेट’ म्हणतात.

आपला या बेटाशी आणखी एक संबंध आहे. गुलामगिरी रद्द झाल्यावर उसाच्या मळ्यांवर मजूर मिळेनासे झाले, तेव्हा इंग्रजांनी भारतातून करारबद्ध मजूर आणले. त्यांचे पहिले जहाज ‘मेडस्टन’ १ मे १८५७ रोजी ग्रेनेडाला लागले. पुढील तीन दशकांत सुमारे तीन हजार भारतीय येथे आले. त्रिनिदाद किंवा गयानाप्रमाणे येथे त्यांची भाषा आणि धर्म फारसे टिकले नाहीत. रस्त्याकडेच्या दुकानांत मिळणारी बटाटा-चण्याची करी गुंडाळलेली ‘रोटी’ तेवढी त्यांची आठवण सांगत राहिली आहे.

महिना निवडताना

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात लोटल्या जात नाहीत. दर्याचे पंचांग पाहून वागण्याची ही रीत कॅरिबियन बेटांनाही लागू पडते. तेथील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर सर्वाधिक असतो. तपमान वर्षभर साधारणपणे २४ ते ३० अंशांच्या दरम्यान राहते. त्यामुळे हवामानाचा प्रश्न उन्हा-थंडीचा नाही, पावसाचा आणि वाऱ्याचा आहे. जानेवारी ते मे हे कोरडे महिने. त्यातही डिसेंबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील थंडीला कंटाळलेले पर्यटक मोठ्या संख्येने येतात आणि हॉटेलांचे दर चढे असतात.

ग्रेनेडा हे चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहे. १९५५ सालच्या सप्टेंबरमध्ये ‘जेनेट’ वादळाने बेटाची दाणादाण उडवली होती. त्यानंतर मात्र जवळजवळ पन्नास वर्षे तसे संकट आले नाही. देव ग्रेनेडाचाच रहिवासी आहे, असे तेथील लोक म्हणू लागले. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ वादळ आले आणि ही समजूत एका दिवसात नाहीशी झाली. सुमारे ९० टक्के घरांचे नुकसान झाले, ३९ माणसे दगावली आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीएवढी हानी झाल्याचा अंदाज निघाला. जायफळाच्या बागा अक्षरशः भुईसपाट झाल्या. पुढच्याच वर्षी, जुलै २००५ मध्ये, ‘एमिली’ वादळाने उरल्यासुरल्याला धक्का दिला.

या हानीचा अर्थ महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घराचे छप्पर काही महिन्यांत पुन्हा घालता येते. पोफळ पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात. जायफळाचे तसेच आहे. बियापासून लावलेले झाड फळाला यायला सात ते नऊ वर्षे घेते आणि भरात यायला वीसएक वर्षे. शिवाय नर झाड कोणते आणि मादी कोणते, हे फुलोरा येईपर्यंत कळतही नाही.

१ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ कॅरिअकू बेटावर आदळले. कॅरिअकू आणि पेटिट मार्टिनिकवरील बहुतेक सर्व इमारतींची मोडतोड झाली. तेथून पुढे गेल्यावर हेच वादळ पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोहोचले. अटलांटिक महासागरात वर्षातील इतक्या लवकरच्या तारखेला त्या श्रेणीचे वादळ नोंदींत पूर्वी आढळलेले नव्हते. ‘ग्रेनेडा वादळांच्या पट्ट्याबाहेर आहे’ आणि ‘जून-जुलैत काही होत नाही’, ही पर्यटन पत्रकांतून मिळणारी दोन्ही आश्वासने म्हणूनच जपून घ्यावीत.

आपल्या सुट्ट्यांचा हिशेब यावरून सहज मांडता येतो. शाळांची मे महिन्याची सुट्टी ग्रेनेडासाठी उत्तम. कोरड्या हंगामाचा शेवट, परदेशी पर्यटकांची गर्दी ओसरलेली आणि वादळांचा हंगाम अजून सुरू व्हायचा असतो. नाताळची सुट्टीही हवेच्या दृष्टीने चांगली, मात्र ती सर्वांत महाग. गणपती ते दसरा हा काळ टाळलेलाच बरा. दिवाळीच्या सुट्टीत धोका पुष्कळ उतरलेला असला तरी संपलेला नसतो. त्या वेळी जायचेच असेल तर तारखा बदलता येणारे तिकीट, रद्द करता येणारे हॉटेल आणि प्रवास विमा या तिन्ही गोष्टी हव्यात. विमा काढताना एक बाब विशेष पाहावी. वादळाला नाव दिले गेल्यानंतर काढलेली पॉलिसी त्या वादळामुळे होणारे नुकसान बहुधा भरून देत नाही. विमा तिकिटाबरोबरच काढावा, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

वाट वाकडी

भारतीय पासपोर्टधारकांना अल्प मुदतीच्या पर्यटनासाठी ग्रेनेडाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा तपशील आणि सहा महिने तरी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट जवळ असावा. हे वाचून अनेकांना प्रवास सोपा वाटतो. खरी अडचण ग्रेनेडात शिरण्याची नसून तेथवर पोहोचण्याची आहे.

मुंबईहून ग्रेनेडाला थेट विमान नाही. वाट जाते ती लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरोंटो यांपैकी एखाद्या शहरावरून. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी व्हिसा लागतो, कारण इमिग्रेशन न ओलांडता एका परदेशी विमानातून दुसऱ्यात जाण्याची सोय तेथे नाही. कॅनडातूनही भारतीय प्रवाशाला व्हिसाशिवाय सहसा पुढे जाता येत नाही. ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीयालाही सर्वसाधारणपणे ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, कॅनडा आदी काही देशांचा वैध व्हिसा असेल तर ठरावीक अटींवर त्यातून सूट मिळते. लंडनमध्ये आणखी एक मेख आहे. मुंबईची विमाने हीथ्रोला उतरतात, तर कॅरिबियन बेटांची बरीच विमाने गॅटविकहून सुटतात. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करणे आले आणि त्यासाठी नुसता विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा पुरत नाही.

म्हणून ज्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वा ब्रिटनचा वैध व्हिसा आधीच आहे, त्यांना ही सहल पुष्कळच सोपी. मुलांकडे किंवा कामानिमित्त अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी तेथून आठ दिवसांसाठी ग्रेनेडाला जाऊन येणे, हा सर्वांत कमी खर्चाचा आणि कमी कटकटीचा मार्ग ठरतो. इतरांनी निदान चार-पाच महिने आधी व्हिसाच्या तयारीला लागावे आणि तो हाती पडेपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नये. व्हिसाचे नियम बदलत असतात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी संबंधित देशाच्या वकिलातीकडून ते पुन्हा एकदा ताडून पाहावेत.

त्रिनिदादमार्गे जाणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदादची गणना पीतज्वराच्या प्रदेशात होते. तेथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध ठरते. स्वतः ग्रेनेडा मात्र या यादीत नाही.

लहान बेटाला विमानतळ एकच आणि तेथे येणारी लांब पल्ल्याची विमाने मोजकी. लंडनचे विमान चुकले तर दुसरे काही तासांनी मिळेलच, अशी खात्री बाळगता येत नाही. संपूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर काढावा, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. दोन वेगवेगळी तिकिटे काढायची झाल्यास मध्ये एका रात्रीचा मुक्काम ठेवावा. ग्रेनेडाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचाच जातो. एवढ्या लांबच्या प्रवासात विमानभाडे हाच खर्चाचा सर्वांत मोठा भाग असल्याने चार दिवसांसाठी जाण्यात अर्थ नाही. आठ ते दहा दिवस हवेत.

प्रवासी ज्या विमानतळावर उतरतो, त्याचा इतिहास थोडक्यात जाणून घेण्यासारखा आहे. पंतप्रधान मॉरिस बिशप यांच्या डाव्या सरकारने क्यूबाच्या मदतीने तो बांधायला घेतला. पर्यटनासाठी तो हवा आहे, असे बिशप म्हणत होते. अमेरिकेला त्यात लष्करी तळ दिसत होता. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी पक्षांतर्गत संघर्षात बिशप यांची हत्या झाली आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य बेटावर उतरले. तेथील सेंट जॉर्जेस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे त्यासाठी दिलेले एक कारण होते. पुढच्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद भरली आणि तिचे अनौपचारिक सत्र गोव्यात झाले. त्या परिषदेत ग्रेनेडाचा प्रश्न गाजला. विमानतळ अखेर १९८४ मध्ये सुरू झाला आणि २००९ पासून त्याला बिशप यांचेच नाव आहे.

पैसा, वीज आणि रीतिरिवाज

येथील चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. रुपये तेथे चालत नाहीत. अमेरिकी डॉलर न्यावेत, पण बाजारात आणि बसमध्ये सुटे स्थानिक पैसेच सोयीचे. वीजपुरवठा आपल्यासारखा २३० व्होल्टचा असला तरी सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असते. त्यासाठी अॅडॉप्टर हवा. वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, मात्र डोंगरातले रस्ते अरुंद आणि वळणांचे असतात. भाड्याची मोटार स्वतः चालवायची असल्यास स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. एरवी क्रमांक लावलेल्या मिनीबस स्वस्त पडतात. उतरायचे ठिकाण आले की प्रवासी टपावर टकटक करतो आणि बस थांबते.

काही गोष्टी पाळाव्यात. दुकानात शिरताच मागणी सांगण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणण्याची तेथे रीत आहे आणि ती न पाळणारा उद्धट ठरतो. पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडणे शिष्टसंमत नाही. लष्करी धाटणीचे हिरवे-करडे ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालण्यास कायद्याने बंदी आहे, मग ती लहान मुलाची टोपी का असेना. किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळे धरणारे मँचिनील नावाचे झाड आढळते. त्याचे फळ आणि चीक दोन्ही विषारी. पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी अंगावर फोड येतात. अडचण आल्यास भारताचे उच्चायुक्तालय त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे आहे आणि ग्रेनेडाचे काम तेथूनच चालते. त्याचा दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच टिपून ठेवावा.

आठ दिवसांत काय पाहावे

पर्यटकांचा मुक्काम बहुधा नैर्ऋत्य टोकाला, ग्रँड आन्सच्या सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ असतो. तेथून राजधानी सेंट जॉर्जेस जवळच आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचे बंदर, त्याभोवती डोंगरउतारावर चढत गेलेली लाल कौलांची घरे आणि माथ्यावर अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी बांधलेला किल्ला, असे हे देखणे शहर. बिशप यांची हत्या झाली ती याच किल्ल्यात. शनिवारी सकाळी येथला बाजार भरात असतो आणि मसाले घ्यायचे ते येथूनच घ्यावेत.

शहराच्या उत्तरेला मॉलिनेर उपसागरात समुद्राखालचे शिल्पवन आहे. ‘आयव्हन’ वादळात प्रवाळांची नासधूस झाल्यावर उरलेल्या प्रवाळांवरचा पर्यटकांचा भार हलका करावा आणि नव्या प्रवाळांना आधार मिळावा, या हेतूने जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने २००६ मध्ये ते उभारले. हात धरून वर्तुळात उभ्या राहिलेल्या मुलांची शिल्पे त्यात आहेत. पोहता न येणाऱ्यांसाठी काचेच्या तळाच्या होड्या मिळतात.

एक दिवस डोंगरासाठी ठेवावा. बेटाच्या मध्यभागी सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात ग्रँड एटांग हे तळे आहे. सभोवार घनदाट पावसाळी जंगल आणि पायवाटा. पश्चिम किनाऱ्यावरील गुयाव्ह या कोळ्यांच्या गावात जायफळ प्रक्रिया केंद्र पाहता येते. जायपत्री उतरवून, बिया वाळवून, फोडून त्या पाण्यात टाकतात. भरीव जायफळ तळाला जाते आणि पोकळ वर तरंगते. शुक्रवारी संध्याकाळी याच गावात रस्त्यावर ताज्या माशांची जत्रा भरते.

उत्तरेला रिव्हर अँटॉइन ही रमची भट्टी आहे. १७८५ पासून येथे पाणचक्कीवर ऊस गाळला जातो. येथील रम इतकी कडक की ती विमानातून नेण्यास मनाई आहे आणि प्रवाशांसाठी मुद्दाम थोडी सौम्य बाटली विकली जाते. त्याहून उत्तरेला लेव्हेरा किनाऱ्यावर एप्रिल ते जुलै या काळात चर्मपृष्ठी जातीची महाकाय कासवे अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचा कासव महोत्सव पाहिलेल्यांना हा अनुभव वेगळा सांगायला नको. फरक एवढाच, की येथली मादी कित्येकदा तीन-चारशे किलो वजनाची असते. रात्री तेथे जायचे ते परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच, दिवे न लावता आणि आवाज न करता.

जोडीला दोन दिवस कॅरिअकूसाठी काढावेत. सेंट जॉर्जेसहून बोटीने सुमारे दीड ते दोन तास लागतात. वाटेत ‘किक एम जेनी’ हा समुद्राखालचा जागृत ज्वालामुखी लागतो. तो यापूर्वी एप्रिल २०१७ मध्ये उफाळला होता. बोटी त्याला वळसा घालून जातात. कॅरिअकूवर आजही लाकडी जहाजे हाताने, किनाऱ्यावरच बांधली जातात आणि या कारागिरीला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले. ‘बेरिल’च्या तडाख्यानंतर तेथली कोणती अतिथिगृहे सुरू आहेत, हे थेट विचारूनच आरक्षण करावे.

अळू, नीरफणस आणि नारळाचे दूध

परदेशी बेटावर खायचे काय, हा प्रश्न मराठी पर्यटकाला हमखास पडतो. ग्रेनेडाचे राष्ट्रीय पक्वान्न ‘ऑइल डाऊन’ म्हणजे नीरफणसाचे तुकडे, अळूची पाने, हिरवी केळी आणि हळद घालून नारळाच्या दुधात आटवलेला एका पातेल्यातला पदार्थ. दूध आटून तेल सुटले, की तो झाला. कोकणी माणसाला यातले एकही नाव परके वाटणार नाही. मात्र त्यात खारवलेले डुकराचे मांस किंवा मासळी घालण्याची पद्धत आहे. अळूच्या ‘कॅलालू’ सारातही कधी खेकडा असतो. शाकाहारी मंडळींनी नुसते ‘मांस नको’ असे न सांगता ‘मासळीही नको’ हे स्पष्ट सांगावे. ‘इटल’ पाटी असलेल्या रास्ताफारी खानावळी हा त्यांचा मोठा आधार. तेथे मांस शिजवत नाहीत. बेटावरच्याच कोकोपासून बेटावरच केलेले चॉकलेट आणि जायफळाच्या सालीचा जॅम ही घरी आणण्याजोगी भेट.

आपला पैसा कोठे राहतो

लहान बेटावर धान्य, इंधन, सिमेंट, औषधे असे पुष्कळ काही बाहेरून येते. त्यामुळे वस्तू महाग असतात आणि पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातला मोठा हिस्सा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. परदेशातच सर्व रक्कम भरून, परदेशी मालकीच्या हॉटेलात, बाहेरून आलेले अन्न खाऊन आठ दिवस काढले, तर बेटाला मिळतो तो काही नोकऱ्यांचा पगार आणि थोडा कर. याउलट स्थानिक कुटुंबाच्या अतिथिगृहात राहणारा, बाजारातून मसाला घेणारा, गुयाव्हला मासे खाणारा आणि गावातल्या मार्गदर्शकाबरोबर डोंगर चढणारा प्रवासी तेवढ्याच पैशात बेटाला कितीतरी अधिक देऊन जातो. त्याची स्वतःची सहलही अधिक भरीव होते.

वादळानंतरच्या काळात तर हा फरक मोलाचा ठरतो. ‘आयव्हन’नंतर कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एक सामायिक आपत्ती विमा निधी उभारला. त्यात नुकसानीच्या मोजणीची वाट न पाहता वाऱ्याचा वेग आणि पावसाच्या आकड्यांवरून रक्कम मिळते. ‘बेरिल’नंतर ग्रेनेडाला त्यातून तातडीने मदत मिळाली आणि वादळ आल्यास हप्ते पुढे ढकलण्याचे कर्जरोख्यांतले कलमही या देशाने वापरले. पण सरकारला मिळालेली रक्कम शाळा आणि रस्त्यांवर खर्च होते. बोटवाल्याचा, मसालेवालीचा, खानावळवाल्याचा संसार पुन्हा उभा राहायला गिऱ्हाईकच लागते. ‘तेथे वादळ झाले आहे, आता दोन-तीन वर्षे नको’ असे म्हणून सारे प्रवासी पाठ फिरवतात तेव्हा बेटावर दुसरे संकट येते. बेरिलचा खरा फटका कॅरिअकू, पेटिट मार्टिनिक आणि मुख्य बेटाच्या उत्तर भागाला बसला होता. दक्षिणेकडील किनारे आणि हॉटेले त्या मानाने पुष्कळच बचावली. तरीही बाहेरच्या जगाला बातमीत दिसते ते एकच नाव, ग्रेनेडा.

त्यामुळे सहल आखण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम महिना ठरवावा, मग वाट आणि त्या वाटेवरचे व्हिसा, मग तिकीट आणि त्याच दिवशी विमा. हॉटेल त्यानंतर, आणि काय पाहायचे ते सर्वांत शेवटी. आपण बहुधा नेमके उलटे करतो. किनाऱ्याचे छायाचित्र पाहून हॉटेल निवडतो आणि व्हिसाच्या रांगेत अडकतो. मोठ्या देशात ही चूक खपून जाते, कारण तेथे दुसरे विमान, दुसरे शहर, दुसरा मार्ग असतो. लहान बेटावर बहुतेक गोष्टी एकेकच असतात.

‘आयव्हन’नंतर लावलेली जायफळाची झाडे आता विशीत आली आहेत, म्हणजे भरघोस फळ देण्याच्या वयाला पोहोचली आहेत. जी उभी आहेत त्यांच्या सावलीतून चालताना, हे बेट किती मोठ्या कष्टाने पुन्हा हिरवे झाले आहे, हे ध्यानात असले म्हणजे पुरे. श्रीखंडात किसलेल्या चिमूटभर जायफळाची चव मग थोडी वेगळी लागेल.